हिवाळ्यातला शीण आणि विश्रांतीची वेळ

थकलेल्या माणसाने विश्रांती घ्यावी, यात वाद घालण्यासारखं काही नाही. पण उत्तरेकडच्या देशांतला हिवाळी थकवा या साध्या नियमाला जुमानत नाही. नोव्हेंबर लागला की तिथे कित्येक माणसं नेहमीपेक्षा जास्त झोपतात आणि तरीही पेंगुळलेलीच उठतात. शनिवार-रविवार अंथरुणात काढला तरी सोमवारी अंग जडच असतं. गोडाधोडाची आणि पाव-बटाट्यासारख्या पिष्टमय खाण्याची ओढ वाढते. संध्याकाळी पाचलाच दिवस संपल्यासारखा वाटतो, आणि रात्री बारा वाजले तरी डोळा लागत नाही. हा शीण नुसत्या कष्टाचा असता तर दोन दिवसांच्या झोपेने उतरला असता. तो उतरत नाही, तेव्हा त्याचं मूळ दुसरीकडे शोधायला हवं. या प्रकरणाचं म्हणणं असं आहे, की हिवाळ्यातला हा थकवा बराचसा शरीराची वेळ चुकल्यामुळे येतो. त्यावर विश्रांती हा उपाय आहेच. पण ती किती घेतली यापेक्षा केव्हा घेतली, आणि उरलेला दिवस कसा काढला, यावर तिचा गुण अवलंबून असतो.

सुरुवात उजेडापासून करू. 21 डिसेंबरला मुंबईत सूर्य सुमारे अकरा तास क्षितिजावर असतो. त्याच दिवशी टोरांटोत जेमतेम नऊ तास, लंडनमध्ये आठ तासांहून थोडा कमी आणि स्टॉकहोममध्ये फक्त सहा तास दिवस असतो. तासांच्या हिशेबात सूर्याची उंची येत नाही. भर दुपारी मुंबईत तो क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांच्या आसपास चढतो, लंडनमध्ये पंधरा अंशांवरच कलायला लागतो. त्यात ढग आले की दिवस नुसता पंचांगापुरता उरतो. लंडनमध्ये आठनंतर सूर्य उगवतो आणि चारच्या आत मावळतो, म्हणजे नोकरदार माणूस अंधारात घर सोडतो आणि अंधारातच परततो. मधला वेळ जातो तो कचेरीच्या दिव्यांखाली. तिथे 300 ते 500 लक्स (उजेड मोजण्याचं एकक) इतका उजेड असतो. बाहेर ढगाळ दुपारीही तो काही हजार लक्स भरतो आणि स्वच्छ उन्हात लाखाच्या घरात जाऊ शकतो. हा फरक आपल्याला जाणवत नाही, कारण डोळा मंद उजेडाशी चटकन जुळवून घेतो आणि कचेरी आपल्याला लख्ख वाटत राहते. शरीराचं घड्याळ मात्र असं फसत नाही.

हे घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, चेतापेशींच्या एका छोट्या पुंजक्यात आहे. झोप, जाग, शरीराचं तापमान, भूक, संप्रेरकं या सगळ्यांचा ताल तिथून धरला जातो. बहुतेक माणसांत त्याचा फेरा चोवीस तासांहून किंचित लांब असतो, म्हणून ते रोज थोडं पुढे आणून लावावं लागतं, आणि ते काम मुख्यतः सकाळचा उजेड करतो. त्याची वर्दी देणाऱ्या पेशी डोळ्यातच आहेत, पण त्यांचा मुख्य धंदा चित्र दाखवण्याचा नाही. मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य बाळगणाऱ्या या पेशी स्वतःच उजेड टिपतात, हे डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवलं. दिवसा त्यांना पुरेसं चेतवायला घरातला दिवा अपुरा पडतो. सकाळी उजेड मिळाला नाही आणि रात्री मात्र दिवे आणि मोबाइल-टीव्हीचे पडदे डोळ्यांसमोर राहिले, की घड्याळ रोज थोडं मागे पडत जातं. मग सकाळी सातला गजर होतो तेव्हा शरीराच्या लेखी अजून मध्यरात्रच चालू असते. अशा वेळी उठलेला माणूस आळशी नसतो; त्याला झोपेतून अवेळी ओढून काढलेलं असतं.

हिवाळी थकव्याचा वैद्यकीय अभ्यासही उजेडाच्याच वाटेने पुढे गेला. 1980 मध्ये आल्फ्रेड लुई यांनी दाखवलं, की पुरेसा प्रखर उजेड माणसाच्या शरीरात रात्री स्रवणारं मेलाटोनिन हे संप्रेरक दाबून टाकतो. तोवर हा परिणाम फक्त प्राण्यांत होतो, असा समज होता. पुढे 1984 मध्ये नॉर्मन रोझेंथाल आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी 29 रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. या माणसांना दर हिवाळ्यात नैराश्य येई आणि वसंतात ते निघून जाई. रोझेंथाल स्वतः दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गहून न्यूयॉर्कला आलेले होते, आणि उत्तरेचा हिवाळा आपलीही शक्ती शोषतो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. या रुग्णांची लक्षणं नेहमीच्या नैराश्यापेक्षा वेगळी होती. नैराश्यात एरवी झोप उडते आणि अन्न जात नाही. इथे झोप वाढलेली, भूक वाढलेली, वजन वाढलेलं आणि अंगात त्राण नाही. त्यावरची 10,000 लक्सच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसण्याची पद्धत आज रुळली आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने लुई यांचं 2006 चं काम जास्त बोलकं आहे. अशा बहुसंख्य रुग्णांचं अंतर्गत घड्याळ झोपेच्या मानाने मागे पडलेलं असतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे उजेड कमी पडण्याइतकाच त्याच्या वेळेचाही दोष होता.

इथे पहिला आक्षेप येतो. हिवाळ्यात प्राणी बिळात शिरतात, झाडं पानं गाळतात. मग माणसाने मे महिन्यासारखीच धावपळ करावी हा अट्टहास कशाला? शरीर झोप मागत असेल तर ती द्यावी. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते किती आहे हे मोजलंही गेलं आहे. टांझानियातले हाड्झा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने या विजेशिवाय राहणाऱ्या समाजांची झोप 2015 मध्ये मोजली गेली. सान आणि त्सिमाने लोक हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा जवळपास तासभर जास्त झोपत होते. बर्लिनमधल्या एका रुग्णालयात 188 रुग्णांच्या झोपेच्या नोंदी तपासल्या गेल्या. भर शहरात, दिव्यांच्या झगमगाटात राहूनही त्यांची स्वप्नांची झोप वसंतापेक्षा हिवाळ्यात अर्ध्या तासाने जास्त भरली. तेव्हा हिवाळ्यात थोडी जास्त झोप हवीशी वाटणं हा दुबळेपणा नाही, आणि ती नाकारण्यात शहाणपणही नाही. पण हा फरक तासाभराचा आहे. माणूस काही अस्वलासारखा शीतनिद्रेत जाणारा प्राणी नव्हे, त्यामुळे दुपारपर्यंत पडदे ओढून पडून राहण्याला निसर्गाचा दाखला देता येत नाही.

ही जास्तीची झोप कुठून यायला हवी, याचं उत्तर कोलोराडोतल्या एका प्रयोगात सापडतं. केनेथ राइट यांच्या गटाने काही स्वयंसेवकांना डिसेंबरच्या कडाक्यात आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं. रात्री शेकोटीखेरीज दुसरा उजेड नव्हता. या माणसांना घरच्या मानाने कित्येक पट उजेड मिळाला, ऐन हिवाळा असूनही. त्यांच्या शरीरात मेलाटोनिन स्रवू लागण्याची वेळ सुमारे अडीच तासांनी अलीकडे आली, ते लवकर झोपू लागले आणि जास्त झोपलेही. उठण्याची वेळ मात्र फारशी बदलली नाही. जास्तीची झोप आली ती रात्रीच्या सुरुवातीकडून. आपण नेमकं उलट करतो. रात्री उशिरापर्यंत जागतो आणि ती तूट सकाळी भरून काढतो, म्हणजे ज्या उजेडाने घड्याळ जागेवर आलं असतं तोच झोपून घालवतो. सुट्टीच्या दिवशी अकराला उठणारा माणूस पडल्या पडल्या दोन-तीन तास पश्चिमेकडच्या देशात जाऊन येतो आणि सोमवारी त्या प्रवासाचा शीण सोसतो. टिल रोनेनबर्ग यांनी या प्रकाराला सामाजिक जेटलॅग म्हटलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त मूलगामी आहे. हिवाळी नैराश्य ही मुळात खरी गोष्ट आहे का? 2016 मध्ये अमेरिकेतल्या 34,294 प्रौढांच्या सर्वेक्षणाचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात नैराश्याचा ऋतूशी, अक्षांशाशी किंवा सूर्यप्रकाशाशी संबंध दिसला नाही. आइसलँडसारख्या देशात, इतक्या उत्तरेला असूनही, हा आजार अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा कमी आढळल्याचं त्याआधीच नोंदलं गेलं होतं. हे पुरावे बाजूला सारण्यासारखे नाहीत. मात्र ते काय सांगतात हे नीट पाहायला हवं. त्या सर्वेक्षणाने आधीच्या दोन आठवड्यांतली नैराश्याची लक्षणं विचारली होती. तोच माणूस वर्षभरात कसा बदलतो, हे त्यात पाहिलेलं नव्हतं. मोठ्या लोकसंख्येच्या सरासरीत थोड्या लोकांचा तीव्र त्रास विरघळून जातो. आणि मागे पडलेलं घड्याळ, जड सकाळ, लांबलेली झोप हे सगळं नैराश्याशिवायही असू शकतं. या आक्षेपातून घ्यायचा धडा असा, की अक्षांश म्हणजे विधिलिखित नव्हे. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, तरी तिथली माणसं अंथरूण धरून बसत नाहीत. उजेड किती आहे हे भूगोल ठरवतो. आहे त्याचा वापर कसा करायचा, हे बरंचसं राहणी ठरवते.

मराठी वाचकाला इथे एक विसंगती जाणवेल. आपल्याकडे हिवाळा हा थकव्याचा ऋतू मानलेलाच नाही. चरक आणि वाग्भट हेमंतात बळ सर्वाधिक आणि अग्नी प्रखर असल्याचं सांगतात. भरपूर स्निग्ध आहार, अभ्यंग, व्यायाम आणि ऊन घ्यायला लावतात. डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, तीळ, हुरडा ही सगळी याच समजुतीची फळं. मग आयुर्वेद चुकला, की रोझेंथाल? दोघेही आपापल्या आकाशाखाली बरोबर आहेत. विदर्भातला किंवा देशावरचा हिवाळा म्हणजे उकाड्यातून सुटका, कोरडी हवा आणि भरपूर ऊन. तिथे अकरा तासांचा दिवस हातात असतो. मँचेस्टरला राहणाऱ्या कुटुंबाने डबाभर लाडू खाल्ले तरी ते ऊन त्यांच्या वाट्याला येत नाही. मात्र ऋतुचर्येतला एक धागा तिथेही उपयोगी आहे. दिवसा झोपण्याची मुभा निरोगी माणसाला मुख्यतः ग्रीष्मात दिलेली आहे, हेमंतात नाही. रात्री लांबल्यामुळे सकाळीच भूक लागते, असंही वाग्भट सांगतो. धुंधुरमासात पहाटे उठून सूर्योदयाच्या सुमारास खिचडी, भाकरी-लोण्याचं जेवण करायची आपली रीत, किंवा कार्तिकातली काकडआरती, या धार्मिक गोष्टी आहेत. कोणी त्या घड्याळ लावण्यासाठी काढलेल्या नाहीत. पण ऐन थंडीत पहाट जागवणं, उजाडताच बाहेर असणं आणि सकाळी भरपूर खाणं, हे तिन्ही शरीराला दिवस सुरू झाल्याचं सांगणारे संकेत आहेत.

आणि महाराष्ट्रातही हा आकाशाचा लाभ आपण गमावत चाललो आहोत. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. त्याआधी दप्तर घेऊन निघणारी मुलं आणि अमेरिकेच्या वेळेनुसार पुण्यात रात्री काम करणारे तरुण, दोघांच्याही अंगात ऊन असूनही हिवाळा शिरतो. राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, त्यामागे मुलांच्या अपुऱ्या झोपेचीच चिंता होती.

तेव्हा स्वतःची काळजी घेण्याची सुरुवात सकाळी होते. उठण्याची वेळ आठवडाभर सारखी ठेवणं, सुट्टीच्या दिवशी फार तर तासाभराची सूट घेणं, आणि उजाडल्यावर शक्य तितक्या लवकर अर्धा तास बाहेर काढणं, ही पहिली पायरी. आकाश ढगाळ असलं तरी बाहेर पडायचं, कारण तो उजेडही कचेरीच्या कितीतरी पट असतो. हाच अर्धा तास चालण्यात गेला तर व्यायामाचं कामही त्यातच होतं. सकाळी अंधारच असेल त्या गावी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडावं, आणि उजेडाचा दिवा वापरायचा तर तो सकाळीच वापरावा. रात्री वापरला तर घड्याळ आणखी मागे जाईल. डोळ्याच्या पडद्याचा विकार असलेल्यांनी किंवा ज्यांना द्विध्रुवी मनोविकार आहे अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये, कारण दुसऱ्या गटात त्याने उन्मादाचा झटका येऊ शकतो.

संध्याकाळी याच्या उलट वागायचं असतं. खरी विश्रांती इथे आहे आणि ती मोकळ्या मनाने घ्यावी. जेवणानंतर मोठे दिवे मालवून एखादा मंद दिवा ठेवावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत जाऊ द्यावा, कॉफी दुपारनंतर टाळावी. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही रक्तात असतो. थंडीत पाय गार पडतात आणि झोप लांबते, याचं कारणही साधं आहे. झोप लागताना शरीराला आतली उष्णता थोडी बाहेर सोडावी लागते आणि ती हातापायांच्या त्वचेतून जाते. पाय ऊबदार असले तर झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या संशोधकांनी 1999 मध्ये दाखवलं. काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळण्याची आपल्या घरांतली पद्धत त्यांनी तपासली नव्हती, पण ज्याला ती सुखाची वाटते त्याने ती जरूर करावी. नाहीतर पायमोजे आहेतच. दुपारी डोळे मिटत असतील तर तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी पुरे. त्याहून लांबली की ती रात्रीच्या झोपेतून वजा होते.

घड्याळ सावरलं म्हणजे सगळं सावरलं असंही नाही. व्हर्मोंट विद्यापीठात केली रोहन यांनी हिवाळी नैराश्याच्या 177 रुग्णांवर उजेडाचा उपचार आणि विचार-वर्तन बदलण्याचा मानसोपचार यांची तुलना केली. त्या हिवाळ्यात दोन्हींचा गुण सारखाच आला. दोन वर्षांनंतरच्या हिवाळ्यात मात्र मानसोपचार घेतलेल्यांपैकी सुमारे 27 टक्क्यांनाच पुन्हा नैराश्य आलं, उजेड घेतलेल्यांपैकी सुमारे 46 टक्क्यांना. त्या मानसोपचारात हिवाळ्याबद्दलचे काळवंडलेले विचार तपासायला आणि घराबाहेरची, माणसांतली, आवडीची कामं ठरवून करायला शिकवत असत. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला किंवा नाटकाच्या तालमीला जाणं म्हणूनच निव्वळ हौस ठरत नाही. थकलेल्या माणसाला तिथे जाणं नकोसं वाटतं, आणि नेमकं घरी राहण्यानेच थकवा वाढतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यात महत्त्वाचा. प्रत्येक थकव्याला हिवाळ्याचं नाव देणं धोक्याचं नाही का? आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक. अशा शरीराला सकाळच्या उन्हाआधी लोह हवं असतं. थायरॉईड मंदावल्यावर थंडी सोसत नाही आणि अंग जड होतं, ते हिवाळ्यातच जास्त जाणवतं. उत्तरेत सावळ्या त्वचेच्या लोकांना ड जीवनसत्त्वाची उणीव लवकर होते, म्हणून ब्रिटनची आरोग्य सेवा दक्षिण आशियाई लोकांना वर्षभर रोज 10 मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करायला सांगते. ते हाडांसाठी घ्यावं; उत्साह परत येईल म्हणून नव्हे, कारण पन्नाशीवरच्या 18,353 अमेरिकनांवरच्या चाचणीत त्याने नैराश्य टळलं नाही. दोन-तीन आठवडे वेळ सांभाळूनही फरक पडत नसेल तर रक्ततपासणी करून घ्यावी. आणि कशातच रस उरला नाही किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

अर्थात रात्रपाळीच्या परिचारिकेला किंवा पहाटे चारला कामाला लागणाऱ्या चालकाला उठण्याची वेळ स्वतः निवडता येत नाही. त्यांच्यासाठी हा सल्ला अर्धाच उपयोगी आहे, आणि उरलेला अर्धा भाग पाळ्या लावणाऱ्यांच्या, शाळा भरवणाऱ्यांच्या, इमारती बांधणाऱ्यांच्या हातात आहे. खिडकीजवळची जागा, दुपारी बाहेर पडण्याइतकी सुट्टी, दर दोन दिवसांनी न बदलणारी पाळी या गोष्टी एकट्याने सुगंधी मेणबत्ती लावून मिळत नाहीत. स्वतःची काळजी म्हणजे जास्त पडून राहणं, हा समज बाजारालाही सोयीचा आहे. त्यावर पांघरुणं आणि चहाचे डबे खपतात. हिवाळ्यात झोपेला तासभर जास्त द्यावा, पण तो रात्रीच्या सुरुवातीला द्यावा, आणि तो पचवायला दिवस खरोखर दिवसासारखा उजळ, हालता आणि माणसांत घालवलेला असावा. तो तसा घालवण्याची सोय जिथे नाही, तिथे ती मागणं हाही आरोग्याचाच भाग आहे.